पर्वत तोलणारी पेटी

दिवाळीच्या सुट्टींत आमचा नातू आमच्याकडे आला होता. वाण्याच्या दुकानांतून सामान घेऊन परत येतांना त्यानें आम्हांस विचारिलें, "आजोबा, डोंगराचें वजन करतां येतें का?" आम्हीं सवयीप्रमाणें उत्तर दिलें कीं, डोंगर मावेल एवढें पारडें कोणापाशीं आहे, बाळ? पोरानें तें उत्तर मान्य केलें. परंतु आमचें मन तें मान्य करीना. जन्मभर शाळेंत वावरलेल्या मनुष्यास, आपण प्रश्नाचें उत्तर दिलें कीं नुसतें विचारणाऱ्याचें तोंड बंद केलें, हें मनांतल्या मनांत कळतें. म्हणून नातू परत गेल्यावर आम्हीं या विषयाचें वाचन आरंभिलें. त्यांत हातीं आलें तें असें कीं, सबंध डोंगराचें वजन राहो, परंतु त्याच्या पोटांत गेल्या वर्षापासून किती भर पडली अथवा किती घट झाली, हें सांगणारी पेटी आज जगांत आहे. एक मनुष्य ती पाठीवर घेऊन डोंगर चढूं शकतो. आणि ती घेऊन ज्वालामुखीच्या तोंडाशीं जाणारीं माणसेंही आहेत. त्या पेटीची हकीकत या महिन्यांत वाचकांपुढें ठेवण्याचें योजिलें आहे.

आरंभींच एक कबुली देणें प्राप्त आहे. आमचें पदार्थविज्ञान मॅट्रिकपाशींच थांबलें. उरलेला जन्म संस्कृताच्या वर्गांत गेला. तथापि विज्ञानाचे मास्तर रजेवर गेले कीं त्यांचा तास आमच्या गळ्यांत पडे, आणि अशाच एका तासाला आम्हीं मुलांकडून लंबकाचा प्रयोग करवून घेतला होता. दोऱ्यास शिशाचा गोळा टांगावयाचा, वीस आंदोलनांस किती वेळ लागतो तें पाहावयाचें, आणि त्यावरून पृथ्वीच्या ओढीचें मान काढावयाचें. पुस्तकांत तें मान दर सेकंदास दर सेकंदीं ९८० सेंटिमीटर असें छापलेलें होतें. वर्गांतील बहुतेक मुलांचें उत्तर नेमकें ९८० आलें; एकाचें मात्र ९६४ आलें. आम्हीं त्या एकाचे चार गुण कापले. आतां वाचन करितां करितां आम्हांस कळलें कीं, आपल्या महाराष्ट्रांत तें मान ९८० नाहींच. तें ९७८ आणि ९७९ यांच्या दरम्यान आहे! म्हणजे ज्यांचें उत्तर तंतोतंत ९८० आलें त्यांनीं लंबकाकडे पाहिलें नव्हतें, पुस्तकाकडे पाहिलें होतें. आणि ज्यानें लंबकाकडे पाहिलें त्यासच आम्हीं शिक्षा केली. या मुलाकडे आपणांस शेवटीं पुन्हां यावयाचें आहे. तूर्त त्याच्या त्या ओढीकडे वळूं.

पृथ्वी वस्तूंस आपल्याकडे ओढते, ही कल्पना आपल्याकडे नवी नव्हे. भास्कराचार्यांनीं इ. स. ११५० च्या सुमारास रचलेल्या 'सिद्धान्तशिरोमणी'च्या गोलाध्यायांत पृथ्वीच्या ठिकाणीं आकर्षणशक्ति असल्याचें सांगितलें आहे. मात्र तेवढ्यावरून न्यूटनचें सारें गणित आपल्या पूर्वजांस अवगत होतें असें म्हणणें म्हणजे, आचार्यांच्या तोंडीं त्यांनीं न उच्चारलेले शब्द घालणें होय. आणि त्यांच्यासारख्या काटेकोर गणितज्ञास तें खचित रुचलें नसतें. ओढ आहे हें सांगणें वेगळें, आणि ती किती हें मोजणें वेगळें.

ही ओढ सर्वत्र सारखी नाहीं, ही गोष्ट प्रथम एका घड्याळानें उघडकीस आणली. १६७२ सालीं झां रिशे नांवाचा फ्रेंच ज्योतिर्विद दक्षिण अमेरिकेंतील कायेन येथें गेला असतां, पॅरिसमध्यें बिनचूक चालणारें लंबकाचें घड्याळ तेथें दिवसाकाठीं सुमारें अडीच मिनिटें मागें पडूं लागलें. घड्याळ बिघडलें नव्हतें. विषुववृत्ताजवळ पृथ्वीची ओढच किंचित् कमी होती. तेव्हांपासून लंबक हा पृथ्वी तोलण्याचा तराजू बनला. आपल्याच देशांत कॅप्टन बसेवी या सर्वेक्षण-अधिकाऱ्यानें १८६५ पासून दक्षिण टोंकापासून हिमालयापर्यंत ठिकठिकाणीं लंबक झुलवून ही मापें घेतलीं. शेवटीं लडाखमधील मोरे येथील १५,००० फुटांहून उंच पठारावर त्यानें आपले लंबक नेले, आणि त्याच मोहिमेंत १८७१ सालीं त्या उंच प्रदेशांत त्याचा अंत झाला. लंबकाचें सामान जड, त्यासाठीं हमालांचा तांडा लागे, आणि एकेका मुक्कामीं दिवसचे दिवस मोडत. असलें साधन घेऊन धुमसत्या पर्वतावर वर्षानुवर्षें येरझारा घालणें शक्य नव्हतें.

यावर तोड निघाली ती ताणकांट्यांतून. रद्दीवाल्याच्या हातांतील स्प्रिंगचा कांटा वाचकभगिनींनीं पाहिलेलाच आहे. त्यास एकच वजन कायमचें टांगून तो कांटा गांवोगांव नेला, तर जेथें पृथ्वीची ओढ अधिक तेथें स्प्रिंग किंचित् अधिक ताणली जाईल, आणि जेथें कमी तेथें ती आखडेल. कल्पना एवढीच, परंतु त्यांतील 'किंचित्' हा शब्द मोठा कठीण आहे. गॅलिलिओच्या नांवावरून या ओढीच्या मापास 'गल' म्हणतात. पृथ्वीची ओढ सुमारें ९८० गल आहे, आणि ज्वालामुखीवर जे फरक पाहावयाचे असतात ते गलाच्या दशलक्षांश भागांत, म्हणजे मायक्रोगलांत, मोजावे लागतात. अर्थात् एकंदर ओढीचे सुमारें ९८ कोटि भाग पाडावयाचे, आणि त्यांतील पांचदहा भाग कमी झाले कीं अधिक झाले, हें ओळखावयाचें! रद्दीवाल्याचा कांटा येथें काय करणार?

हें कोडें सुटलें तें एका विद्यार्थ्याच्या हातून. १९३२ च्या सुमारास अमेरिकेंतील टेक्सास विद्यापीठांत ल्युसियन लाकोस्ट नांवाचा विद्यार्थी शिकत होता. त्याचे गुरु आर्नल्ड रॉम्बर्ग यांनीं त्यास भूकंपाचे उभे धक्के नोंदणाऱ्या यंत्राची रचना करून आणावयास सांगितलें. शिष्यानें त्यासाठीं एक निराळीच स्प्रिंग शोधून काढली. ती वळतांनाच अशा ताणानें वळलेली असते कीं, तिचें बल तिच्या वाढीच्या प्रमाणांत न राहतां तिच्या सबंध लांबीच्या प्रमाणांत राहतें. म्हणून तिला शून्य-लांबीची स्प्रिंग म्हणतात. ही स्प्रिंग तिरकी लावून तिनें एक आडवी दांडी व वजन तोलून धरलें, म्हणजे ती दांडी कोणत्याही स्थितींत जवळजवळ तोललेली राहते; मग ओढींत लेशमात्र फरक पडला तरी ती चांगली ठळक हलते. गुरुशिष्यांनीं मिळून १९३९ सालीं हीं यंत्रें बनविण्याचा कारखाना काढला, आणि त्यांचे गुरुत्वमापक पुढें अर्धशतकाहून अधिक काळ पृथ्वीभर फिरले. गुरूनें गृहपाठ दिला आणि शिष्यानें त्यांतून शास्त्राचें एक दालन उघडलें, हें वाचून आम्हां मास्तर मंडळींस किती समाधान वाटलें, तें काय सांगावें! अलीकडच्या यंत्रांत धातूऐवजीं वितळविलेल्या स्फटिकाची स्प्रिंग असते, आंकडा पडद्यावर आपोआप उमटतो, आणि सबंध पेटीचें वजन आठ किलोंच्या आसपास भरतें. म्हणजे दिवाळीच्या फराळाचा भरलेला डबा उचलणाऱ्या गृहिणीस ती जड वाटणार नाहीं.

पेटी हलकी झाली, तरी काम हलकें झालें नाहीं. कारण एवढा सूक्ष्म तराजू ज्वालामुखीबरोबर इतर सर्वच गोष्टी तोलूं लागतो. पेटी एक सेंटिमीटर वर उचलली, तर पृथ्वीपासूनचें अंतर वाढल्यामुळें आंकडा सुमारें ३ मायक्रोगलांनीं उतरतो. पावसाळ्यांत खालच्या खडकांत एक मीटर जाडीचा पाण्याचा थर सांठला, तर तो सुमारें ४२ मायक्रोगलांनीं चढतो. चंद्रसूर्यांच्या ओढीनें समुद्राप्रमाणें भूमीसही भरतीओहोटी होते, आणि तिच्या पायीं एका दिवसांत दोनशें-अडीचशें मायक्रोगलांचा फेर पडतो. त्यांत भर म्हणजे, कोणतीही स्प्रिंग ताणून ठेवली कीं दिवसागणिक थोडथोडी सैल पडतेच. म्हणजे पर्वत जसाच्या तसा असतांही यंत्राचा आंकडा आपोआप सरकत राहतो.

जुन्या काळीं वाणी धान्य तोलण्यापूर्वीं रिकामीं पारडीं उचलून पासंग पाहात असे; एक पारडें झुकतें दिसलें, तर दुसऱ्यांत खडा टाकून तो भरून काढी. या पेटीचाही पासंग पाहावा लागतो. पर्वताच्या मुखापासून दूर, जेथें कांहीं बदलत नाहीं अशी खात्री असते, अशा पक्क्या जागीं सकाळीं पहिलें माप घ्यावयाचें. मग खडकांत खिळे ठोकून कायम केलेल्या खुणांवर क्रमानें जाऊन एकेक माप घ्यावयाचें. आणि दिवस मावळण्यापूर्वीं पुन्हां त्याच पहिल्या जागीं परत येऊन तेंच माप पुन्हां घ्यावयाचें. सकाळच्या आणि संध्याकाळच्या आंकड्यांत जो फरक पडतो, त्यांतून चंद्रसूर्यांचा वांटा गणितानें वजा केला म्हणजे उरतो तो यंत्राचा पासंग. तो मधल्या सर्व मापांतून वांटून काढावा लागतो. जेथून निघालों तेथें परत आल्याखेरीज त्या दिवसाचा एकही आंकडा खरा धरावयाचा नाहीं, असा हा शिरस्ता आहे. शिवाय प्रत्येक खुणेची उंची निराळी मोजावी लागते, कारण एका बोटाच्या उंचीनेंही हिशेब चुकतो.

एवढा खटाटोप कशासाठीं, असें कोणी विचारील. भूकंपलेखक आहेत, उपग्रह आहेत, भूमि किती फुगली हें मोजणारीं साधनें आहेत. मग ही पेटी कशास हवी? याचें उत्तर प्रत्येक स्वयंपाकघरांत रोज सकाळीं मिळतें. चुलीवर दूध तापत ठेविलें, म्हणजे तें वर येतें. पातेल्यांत एक थेंबही अधिक पडलेला नसतो, तरी तें कांठापर्यंत चढतें. उलटपक्षीं कोणी आणखी शेरभर दूध ओतलें, तरीही पातळी चढेल. केवळ पातळी पाहणाऱ्यास या दोहोंतील भेद कळणार नाहीं. पातेलें तोलणाऱ्यास तो तत्काळ कळेल. ज्वालामुखीची भूमि वर आली, तर तिच्याखालीं उष्ण पाणी व वायु फुगले आहेत, कीं खोलांतून नवा शिलारस चढून येऊन बसला आहे, हा प्रश्न पायथ्याशीं राहणाऱ्या लोकांच्या जिवाचा प्रश्न असतो.

इटलींत नेपल्सच्या पश्चिमेस पोझ्झुओली हें गांव एका विस्तीर्ण ज्वालामुखीच्या खोलगटांत वसलेलें आहे. १९८२ ते १९८४ या अवधींत त्या गांवची भूमि सुमारें १.८ मीटर वर आली. घरांस तडे गेले, बंदर उथळ झालें, आणि हजारों कुटुंबांस बिऱ्हाडें हलवावीं लागलीं. परंतु उद्रेक झाला नाहीं. त्या खोलगटांतील शेवटचा उद्रेक १५३८ सालचा. २००५ नंतर ती भूमि पुन्हां वर येऊं लागली. अशा ठिकाणीं गुरुत्वमापक काय सांगतो? भूमि एक मीटर वर आली, तर केवळ उंचीमुळें आंकडा सुमारें ३०० मायक्रोगलांनीं उतरला पाहिजे. तो तेवढाच उतरला, तर वर आलें तें तापलेल्या दुधासारखें. आंत भर पडलेली नाहीं. त्याहून कमी उतरला, तर खालीं कांहीं तरी नवें, जड असें भरलें गेलें. तें किती जड, यावरून पाणी कीं शिलारस याचा तर्क करतां येतो. पोझ्झुओलीविषयीं शास्त्रज्ञांचा वाद अद्याप पुरता मिटलेला नाहीं. परंतु त्या वादांत तोललेल्या आंकड्यांवांचून कोणाचेंही चालत नाहीं.

आपल्या सह्याद्रीचा काळा पाषाण हाही सुमारें ६ कोटि ६० लक्ष वर्षांपूर्वीं वितळलेल्या स्थितींत भूगर्भांतून वर आलेला आहे. ज्या दगडांनीं आपले वाडे आणि घाट बांधले, तो निवालेला शिलारसच होय. तोच व्यापार आज हवाई बेटांतील किलावेआ पर्वतावर चालूं आहे, आणि या पेटीची थोरवी तेथें फार चांगली प्रत्ययास आली. १९७५ च्या नोव्हेंबर महिन्यांत तेथें मोठा भूकंप झाला. सुदैवानें त्यापूर्वीं थोडेच दिवस पर्वतावर गुरुत्वाचीं मापें घेतलेलीं होतीं. भूकंपानंतर तीं पुन्हां घेतलीं, तेव्हां दिसून आलें कीं, शिलारस निघून जाऊन पर्वताच्या पोटांत पोकळ्या पडल्या आहेत. पुढें तेहतीस वर्षें, माणसें बदलत गेलीं तरी, त्याच खुणांवर मापें घेण्याचा परिपाठ चालूं राहिला. त्या काळांत माथ्याची भूमि एकंदरींत खचत होती; वरून पाहणाऱ्यास वाटावें कीं पर्वत रिता होत आहे. परंतु उंचीचा हिशेब वजा केल्यावर आंकडा मात्र चढत होता. कित्येक शें मायक्रोगलांनीं चढला! वरून खचणारा पर्वत आंतून भरत होता, पोकळ्यांत शिलारस मुकाट्यानें सांठत होता. आणि ही भर हालेमाउमाउ नामक मुखाच्या पूर्व कडेपाशीं सर्वांत अधिक होती. २००८ च्या मार्च महिन्यांत त्याच भागांत भूमि फोडून नवें मुख उघडलें.

येथें मात्र एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे, नाहीं तर आम्ही वाचकांची फसवणूक केल्यासारखें होईल. त्या आंकड्यांवरून कोणीं अमुक तिथीस उद्रेक होईल असें आधीं वर्तविलें नव्हतें. सबंध तेहतीस वर्षांचा मेळ घालून त्याचा अर्थ लावला गेला तो मुख उघडल्यानंतर, २०१० सालीं. पेटी मुहूर्त सांगत नाहीं. कोठारांत किती माल भरला आहे तेवढें ती सांगते. दार केव्हां फुटेल हें भूकंपलेखक, वायूंची परीक्षा आणि जाणत्यांचा अनुभव यांच्या साह्यानें ठरवावें लागतें, आणि तेंही प्रत्येक वेळीं ठरतेंच असें नाहीं.

तें न ठरल्याची किंमत काय असते, तें आतां सांगावयाचें आहे. इंग्लंडांतील ओपन युनिव्हर्सिटीचे प्राध्यापक जेफ ब्राउन हे या विद्येंतील अग्रणींपैकीं होते. मध्य अमेरिकेंतील कोस्टा रिका देशांत पोआस नांवाचा ज्वालामुखी आहे. त्याच्या मुखाशीं गुरुत्वांत पडलेला फरक ही उद्रेकाची पूर्वसूचना होय, असें त्यांनीं व त्यांच्या सहकारी हेझल रायमर यांनीं १९८९ सालीं 'नेचर' या नियतकालिकांत प्रतिपादन केलें होतें. १९९३ च्या जानेवारींत कोलंबिया देशांतील पास्टो या शहरीं ज्वालामुखीशास्त्रज्ञांची परिषद भरली. शहराच्या डोक्यावर ४,२७६ मीटर उंचीचा गालेरास पर्वत आहे. १४ जानेवारीस परिषदेंतील कांहीं मंडळी त्याच्या मुखाशीं गेली. त्या दिवशीं पर्वत शांत वाटत होता. कोणी मुखांत उतरून वायूंचे नमुने घेत होते; ब्राउन व त्यांचे दोन कोलंबियन सहकारी, फर्नांडो क्वेंका आणि कार्लोस त्रुहिलो, हे मुखाच्या कडेवर आपली पेटी मांडून मापें घेत होते. दुपारीं दीड वाजण्याच्या सुमारानंतर पर्वत अकस्मात् फुटला. ते तिघेही गेले. मुखाजवळ वायूंचें काम करणारे रशियाचे इगोर मेन्याइलोव्ह यांच्यासह आणखी तीन शास्त्रज्ञ गेले. पर्वत पाहावयास आलेले तीन प्रवासीही गेले. एकंदर नऊ माणसें.

हा उद्रेक कांहीं फार मोठा नव्हता. खालचें शहर सुखरूप राहिलें. परंतु जे पर्वताची नाडी पाहावयास गेले होते त्यांसच त्यानें ग्रासलें. आम्हीं ही हकीकत वाचली त्या रात्रीं आमच्या डोळ्यांपुढून तें दृश्य हालेना. पेटी खडकावर ठेवावयाची, तिचे पाय समतल करावयाचे, वाऱ्यानें ती हलूं नये म्हणून अंगाचा आडोसा करावयाचा, आणि आंकडा स्थिर होईपर्यंत श्वास रोखून थांबावयाचें; एवढेंच तें काम. तेथें घाई चालत नाहीं. घाईनें घेतलेला आंकडा निरुपयोगी, आणि थांबावें तर मृत्यूच्या उंबरठ्यावर थांबावयाचें! त्यांतील कोणीही दूर बसून मागच्या वर्षाचा आंकडा वहींत उतरून काढला असता, तर त्या दिवशीं तें कोणाच्याही ध्यानांत आलें नसतें. मग केव्हां तरी त्या खोट्या आंकड्याच्या भरंवशावर पास्टो शहर निर्धास्त झोपलें असतें.

या दुर्घटनेनंतर, ज्वालामुखीच्या मुखाजवळ काम करणारांनीं कोणती सावधगिरी घ्यावी याचे नियम या शास्त्राच्या आंतरराष्ट्रीय संघटनेनें सुचविले. यंत्रविद्येनेंही निराळी वाट धरली: माणसानें पेटी घेऊन जाण्याऐवजीं पेटीनेंच पर्वतावर वस्ती करावी. सिसिली बेटावरील एटना पर्वतावर २०१४ पासून अतिशीत गुरुत्वमापक बसविण्यास आरंभ झाला; त्यांत शून्याखालीं सुमारें २६९ अंश तापमानांत नायोबियम धातूचा गोळा चुंबकीय बलानें अधांतरीं तरंगत असतो, आणि स्प्रिंगच नसल्यामुळें ती सैल पडण्याची भीतिही फारशी उरत नाहीं. २०२० सालीं त्याच पर्वतावर, शिखरावरील मुखांपासून सुमारें अडीच किलोमीटरांवर, याहून नवल असें यंत्र बसविलें. त्यांत रुबिडियमचे अणु लेसरच्या प्रकाशानें थंड करून निर्वात नळींत सोडून देतात, आणि ते किती वेगानें खालीं पडतात हें लेसरनेंच मोजतात. पडणारी वस्तु आणि तिचा वेग! गॅलिलिओनें जेथून आरंभ केला तेथेंच चार शतकांनीं विद्या परत आली. दुसरीकडे ग्लासगो विद्यापीठांतील संशोधकांनीं २०१६ सालीं टपालाच्या तिकिटाएवढ्या सिलिकॉनच्या तुकड्याचा गुरुत्वमापक करून दाखविला. मोबाईल फोन आडवा धरला कीं त्यांतील चित्र आडवें होतें, तें ज्या प्रकारच्या सूक्ष्म यंत्रणेनें होतें, तिच्याच जातीचा तो आहे. असे स्वस्त तुकडे पर्वताभोवतीं पसरून ठेवावे आणि त्यांनीं रात्रंदिवस आंकडे खालीं पाठवावे, असा पुढील बेत आहे. तो पुरा सिद्धीस जाईपर्यंत कित्येक पर्वतांवर माणसांसच आठ किलोंची पेटी घेऊन चढावें लागणार.

आतां आम्हीं ज्याचे गुण कापले त्या मुलाकडे येतों. त्याचें ९६४ हें उत्तर चुकलेलें होतें, यांत संशय नाहीं. दोरा ताणला गेला असेल. परंतु त्याची चूक शोधतां आली असती. 'दोरा पुन्हां मोज, आंदोलनें पुन्हां मोज' असें आम्हीं म्हटलें असतें, तर पासंग म्हणजे काय हें त्यास त्या एका तासांत समजलें असतें. ज्यांनीं ९८० लिहिलें त्यांच्या वहींत शोधण्यासारखें कांहींच नव्हतें. तो मुलगा आज चाळिशी उलटलेला गृहस्थ असेल. कोठें आहे, आम्हांस ठाऊक नाहीं. हें मासिक त्याच्या घरीं येत असेल, तर त्यानें आमच्याकडून ते चार गुण येणें आहेत असें समजावें.

नातवास आम्हीं पत्र लिहिलें आहे. त्यांत या पेटीची सर्व हकीकत कळविली, आणि एक काम सांगितलें. तें ज्या घरीं मुलें असतील त्या सर्वांनीं करून पाहावें. एका मजबूत दोऱ्यास लहानसें कुलूप बांधावें; टांगण्याच्या खिळ्यापासून कुलुपाच्या मध्यापर्यंतचें अंतर एक मीटर ठेवावें; तें हलकेंच झुलवून शंभर आंदोलनांस किती वेळ लागतो तें घड्याळावर पाहावें. गणित एखाद्या जाणत्याकडून करवून घ्यावें. उत्तर पुस्तकाशीं जुळलें नाहीं तर पुस्तक बाजूस ठेवावें, आणि पुन्हां मोजावें. नातवाचें पहिलें उत्तर कालच्या टपालानें आलें: ९७१. खालीं त्यानें लिहिलें आहे, "आजोबा, दोरा ओला होता. परत करतो."